चार दिवसांचे पुणे आणि भाड्याचा ओटा

स्वयंपाकघर असलेल्या लहान, स्वस्त फ्लॅटमध्ये उतरून एकट्याने पुणे पाहण्याच्या बेताविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत आणि लांबलेली पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी अलीकडेच शाळेतून निवृत्त झाले. पुण्याला माझे येणे नेहमी कोणाच्या तरी लग्नानिमित्त झाले, त्यामुळे शनिवारवाडासुद्धा मी रिक्षातूनच पाहिला आहे. आता हिवाळ्यात तीन-चार दिवस एकटीने यावे असे मनात आहे. बाहेरचे तिखट-तेलकट मला दोन्ही वेळा सोसत नाही, म्हणून हॉटेलपेक्षा ओटा-शेगडी असलेली जागा बरी वाटते. हिंजवडी, वाकड, खराडी येथील जागा फार स्वस्त दिसतात, तर सदाशिव पेठेतील त्याहून लहान आणि महाग. कोणती निवडावी आणि खर्चाचा अंदाज कसा बांधावा? शिवाय पुण्यात सख्खी नणंद राहते. तिच्याकडे उतरणार नाही, हे तिला कसे सांगावे?
एक वाचिका, चिपळूण

उत्तर : हिंजवडी, वाकड, खराडी या भागांत अशा जागा मुबलक असण्याचे कारण तेथील माहिती-तंत्रज्ञान कंपन्या हे आहे. कंपनीच्या कामासाठी आठवडा-पंधरा दिवस येणाऱ्यांच्या सोयीने त्या जागा थाटलेल्या असतात आणि शनिवार-रविवारी त्यांना गिऱ्हाईक कमी असल्यामुळे भाडेही उतरते. इमारत नवी, लिफ्ट चालू, न्हाणीघर चकचकीत, हे सगळे खरे. पण आपल्याला जे पुणे पाहायचे आहे ते तेथे नाही. हिंजवडीहून शनिवारवाडा सुमारे वीस किलोमीटर आहे आणि संध्याकाळच्या गर्दीत हे अंतर कापण्यात तास-दीड तास सहज जातो.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी जाहिरातीतील भाडे पाहताना लक्षात येत नाही. स्वयंपाकघर असलेल्या जागेचा खरा लाभ दुपारी मिळतो. सकाळी दोन-तीन ठिकाणे पाहावीत, बाराच्या सुमारास खोलीवर परतावे, वरण-भाताचा कुकर लावावा, जेवून तासभर पडावे आणि चार वाजता ताजेतवाने होऊन पुन्हा बाहेर पडावे, असा दिवस आखता आला तरच भाड्याच्या ओट्याचे पैसे वसूल होतात. जागा वीस किलोमीटरवर असेल, तर सकाळी सातला चहा करून बाहेर पडलेला माणूस रात्रीच परततो आणि दोन्ही जेवणे हॉटेलातच होतात. तेव्हा आधी आपल्याला पाहायची ठिकाणे नकाशावर खुणावून घ्या आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणांहून दुपारी अर्ध्या तासात परतता येईल अशीच जागा शोधा. खोली लहान असली तरी चालेल.

आपल्यासारख्या पहिल्यांदाच निवांत पुणे पाहणाऱ्या व्यक्तीसाठी सदाशिव, नारायण, शनिवार आणि शुक्रवार या पेठांना मी पहिली पसंती देईन. राजा दिनकर केळकर संग्रहालय, विश्रामबागवाडा, तुळशीबाग, महात्मा फुले मंडई, कसबा गणपती आणि शनिवारवाडा ही सगळी ठिकाणे तेथून सावकाश चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ज्या मंडईत आपण भाजी घेणार, तिची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ सालची असून त्या काळी ती मुंबईच्या गव्हर्नरच्या नावावरून रे मार्केट म्हणून ओळखली जात असे. भाजी घेताना मान वर करून ती अवश्य पाहावी. संग्रहालयासाठी मात्र एक अख्खी सकाळ राखून ठेवा. अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये असा संसारोपयोगी वस्तूंचा तो संग्रह आहे आणि तो घाईने पाहण्यात काहीच अर्थ नाही.

पेठांतील इमारतींची अडचण अशी, की जुन्या तीन-चार मजली इमारतींना बहुधा लिफ्ट नसते आणि जिने अरुंद व उभे असतात. कितवा मजला आहे, लिफ्ट आहे का आणि असल्यास ती रात्रीही चालू असते का, हे तिन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत, कारण पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात उरलेल्या दोहोंची उत्तरे क्वचितच मिळतात. जिना झेपणार नसेल, तर कोथरूड-पौड रस्त्याचा भाग पाहा. वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप या मेट्रो स्थानकांपासून चालत जाण्याच्या अंतरावरील जागा पेठांपेक्षा शांत असतात आणि त्या भागात पोळी-भाजी केंद्रांची वाण नाही.

चिपळूणहून येणारी एसटी आपल्याला स्वारगेटला आणून सोडेल. स्वारगेट ते जिल्हा न्यायालय हा भुयारी मेट्रोमार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाल्यापासून मंडई आणि कसबा पेठ ही स्थानके तेथून काही मिनिटांवर आली आहेत, त्यामुळे सामान घेऊन रिक्षावाल्याशी घासाघीस करण्याचा प्रसंग टळतो. आगाखान पॅलेससाठी जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलून कल्याणीनगरला उतरावे आणि उरलेले अंतर रिक्षाने जावे. १९४२ ते १९४४ या काळात गांधीजी तेथे स्थानबद्ध होते आणि कस्तुरबा व महादेवभाई देसाई या दोघांचेही निधन तेथेच झाले. तेथील समाधीस्थळी शांतपणे बसता येते, म्हणून गर्दीच्या रविवारपेक्षा आठवड्याच्या मधला दिवस निवडावा.

आता खर्चाविषयी. समजा, जाहिरातीत एका रात्रीचे भाडे १,३०० रुपये लिहिले आहे. तीन रात्रींचे ३,९०० झाले. त्यावर एकदाच घेतला जाणारा सफाईखर्च ६०० आणि आरक्षणाचे शुल्क व कर मिळून ७०० धरले, तर एकूण ५,२०० होतात, म्हणजे रात्रीला सुमारे १,७३३ रुपये पडतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण हिशेबाची रीत हीच आहे. सफाईखर्च एका रात्रीला जेवढा, तेवढाच चार रात्रींनाही असतो आणि एकट्या माणसाला तो वाटून घेण्यासाठी सोबती नसतो. त्यामुळे एक रात्र राहायचे असेल, तर साध्या लॉजची खोलीच परवडते. तीन रात्रींपासून पुढे फ्लॅटचा विचार करावा. परत मिळणारी अनामत रक्कम घेतली जाणार असल्यास ती किती दिवसांनी आणि कोणत्या मार्गाने परत मिळेल, हे लेखी विचारून ठेवावे.

नणंदेला निघण्यापूर्वी स्वतःच फोन करून सांगा आणि त्याच फोनवर एका संध्याकाळच्या जेवणाचे नक्की करून टाका. आपण येऊन गेल्याचे तिसऱ्याकडून कळले, तर मात्र पुढच्या दोन लग्नांत तो विषय निघेल.

प्रश्न : मी नागपूरहून रेल्वेने येणार असून गाडी सकाळी लवकर पोहोचते, पण फ्लॅटमध्ये दुपारी एकच्या आधी प्रवेश मिळणार नाही, असे मालक म्हणतात. तोपर्यंत सामानाचे काय करावे? दुसरे म्हणजे, जाहिरातीत फक्त ‘किचनसह’ असे लिहिले आहे. मला साधा स्वयंपाक येतो. सोबत काय आणावे आणि काय येथे मिळेल?
एक वाचक, नागपूर

उत्तर : सामानासाठी प्रथम मालकालाच विचारा, खोली तयार नसली तरी बॅग ठेवून घ्यायला बरेच मालक तयार असतात. तसे न जमल्यास पुणे स्थानकावरील क्लोकरूमचा उपयोग करावा. तेथे बॅगेला कुलूप असणे आवश्यक असते आणि प्रवासाचे तिकीट व ओळखपत्र दाखवावे लागते.

‘किचनसह’ या शब्दावर विसंबू नका. एखाद्या ठिकाणी त्याचा अर्थ पूर्ण संसार असा निघतो, तर दुसऱ्या ठिकाणी कोपऱ्यातील टेबलावर ठेवलेली विजेची किटली एवढाच. ओट्याचा आणि भांड्यांच्या खणाचा ताजा फोटो मागवावा आणि तो बारकाईने पाहावा. कुकर आहे का, त्याची शिट्टी आणि रबर जागेवर आहे का, तवा, चहाचे गाळणे, सांडशी, धारेची सुरी आणि एक झाकणी आहे का, हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. भाड्याच्या स्वयंपाकघरात सहा काचेचे पेले हमखास असतात आणि सांडशी हमखास नसते.

शेगडी इंडक्शनची असेल, तर भांड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. ही शेगडी चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा तळच तापवते, त्यामुळे तिच्यावर लोखंडाची किंवा चुंबक चिकटेल अशा स्टीलची, सपाट बुडाची भांडीच चालतात. साधा अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही, आणि नेमका तोच अनेक ठिकाणी ठेवलेला आढळतो. दुसरी अडचण विजेची आहे. इंडक्शन शेगडी दोन हजार वॉटच्या आसपास वीज ओढते आणि पाणी साठवणारा गिझरही तेवढीच किंवा त्याहून अधिक, म्हणून जुन्या वायरिंगच्या घरात दोन्ही एकदम चालू केल्यास मीटरजवळचा एमसीबी, म्हणजे भार वाढल्यास वीज आपोआप तोडणारा खटका, पडतो. आधी अंघोळ, मग चहा, असा क्रम ठेवल्यास प्रश्न येत नाही. तरी तो खटका कोठे आहे, हे किल्ली घेतानाच पाहून ठेवावे.

गॅसची शेगडी असल्यास सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइपच्या गॅसची भिंतीवरील चावी रात्री आणि बाहेर जाताना बंद करावी. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. वास आल्यास दिवा-पंख्याचे कोणतेही बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

याहूनही गंभीर बाब न्हाणीघरातील गॅस गिझरची आहे. बंद न्हाणीघरात असा गिझर चालू ठेवून अंघोळ केल्यास कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो. घरात दुसरे माणूस असेल तर निदान हाका तरी मारते. एकट्याला ती सोय नाही. गिझर विजेचा आहे की गॅसचा, हे विचाराच. गॅसचाच असेल, तर बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, खिडकी उघडी ठेवावी आणि मगच अंघोळीला जावे.

सोबत आणण्याची यादी लांबवण्याचे कारण नाही. मीठ, तिखट, हळद, गोडा मसाला, मोहरी-जिरे यांच्या लहान पुड्या, चहाची पूड, शेंगदाण्याचे कूट, मेतकूट आणि लहान डबीत तूप एवढे पुरे. तांदूळ, मुगाची डाळ, दूध, दही, कांदे-बटाटे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आणि डेअरीत मिळतात. मंडईत आणि रस्त्यावरील गाड्यांवर पावशेर भाजी देण्यास सहसा कोणी नाही म्हणत नाही. मोड आलेली मटकी व निवडलेली पालेभाजीही मिळते, आणि एकट्याच्या स्वयंपाकाला ती फार सोयीची आहे.

पोळ्या मात्र करत बसू नका. दुसऱ्याच्या ओट्यावर, अनोळखी तव्यावर एका माणसाच्या चार पोळ्या लाटणे आणि नंतर पीठ सांडलेला ओटा पुसणे यात सुटीचा एक तास जातो. पुण्यात मोहल्ल्या-मोहल्ल्यांत पोळी-भाजी केंद्रे आहेत. तेथून पोळ्या घ्याव्यात आणि वरण-भात किंवा खिचडी घरी करावी. नाश्ता घरी, दुपारचे अर्धे जेवण घरी आणि रात्री बाहेर मिसळ, थालीपीठ किंवा थाळी, असा बेत पोटालाही मानवतो आणि खिशालाही. पेठांतील अनेक लहान दुकाने दुपारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून खरेदी सकाळीच उरकावी.

प्रश्न : मी २६ वर्षांची असून एकटीच येणार आहे. एका मालकांनी अॅपवरून आरक्षण न करता थेट यूपीआयने पूर्ण भाडे पाठवल्यास सवलत देऊ केली आहे आणि ‘वॉचमनने विचारल्यास आमची भाची आहे असे सांगा’ असेही लिहिले आहे. जागा सुंदर दिसते. घ्यावी का?
एक वाचिका, लातूर

उत्तर : घेऊ नये. जागा खरी असो वा नसो, दोन्ही शक्यतांत तोटा आपलाच आहे. ती मुळात अस्तित्वातच नसेल, तर अॅपबाहेर पाठवलेल्या पैशांची दाद कोणाकडे मागणार? आणि ती खरी असेल, तर सोसायटीच्या नजरेआड पाहुणे ठेवले जात आहेत, असा त्या भाचीचा अर्थ होतो. रात्री दहाला फाटकावर अडवले गेल्यास मालक फोन उचलेलच, याची खात्री नसते. जो मालक आपल्याला मुक्कामाआधीच खोटे बोलायला सांगतो, त्याच्याकडून नंतर खरेपणाची अपेक्षा ठेवू नये.

जागा पारखण्यासाठी व्हिडिओ कॉलवर इमारतीच्या फाटकापासून खोलीपर्यंत चालत दाखवण्याची विनंती करावी. फोटो कोठूनही उचलता येतात, फाटक ते खोली हा सलग रस्ता दाखवणे अवघड असते. जुन्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना एकट्या स्त्रियांनी लिहिलेले शोधून वाचावेत, कारण जिन्यातील दिवा, गल्लीतील वर्दळ, मालकाचे अवेळी येणे या गोष्टी त्यांनाच दिसतात. दाराला आतून कडी आहे का, हे विचारावे. संख्यांचे कुलूप असेल, तर आपल्यासाठी नवा क्रमांक ठेवायला सांगावे.

पैशांच्या बाबतीत एक नियम पक्का ठेवा : पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘अनामत परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे कोणी म्हणाले, तर ती फसवणूक समजावी. पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

ओळखपत्र मागणे योग्यच आहे, पण आधारची संपूर्ण प्रत व्हॉट्सअॅपवर पाठवण्याची गरज नाही. आधारच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून घेता येते. त्यात क्रमांकाचे शेवटचे चार अंकच दिसतात. फ्लॅटचा पत्ता, मालकाचा क्रमांक आणि आरक्षणाची पावती घरी एका व्यक्तीकडे देऊन ठेवा. अडचणीत ११२ हा क्रमांक लावावा.

प्रश्न : मी पाहुणा नाही, पुणेकर आहे. कोथरूडमधील आमच्या सोसायटीत दोन फ्लॅट असे रोजच्या भाड्याने दिले जातात. पाहुणे सगळा कचरा एकाच पिशवीत बांधून जिन्यात ठेवतात आणि मध्यरात्री बॅगा ओढतात. मालकाकडून सोसायटीने जादा शुल्क घ्यावे का? पाहुण्यांना आपण चार शब्द सांगाल का?
एक वाचक, कोथरूड

उत्तर : शुल्काचे आधी सांगतो. मालक स्वतः राहत नसलेल्या सदनिकेसाठी राज्य शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच बिनभोगवटा शुल्क आकारता येते, त्यामुळे त्या मार्गाने मालकाला वठणीवर आणण्याची कल्पना सोडून द्यावी. पाहुण्यांची नोंदवही, शांततेच्या वेळा आणि कचऱ्याची पद्धत यांविषयी सर्वसाधारण सभेत नियम करून त्यांची प्रत फ्लॅटच्या दारामागे लावण्यास मालकाला सांगणे अधिक परिणामकारक ठरेल.

पाहुण्यांसाठी : पुण्यात ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा लागतो. अनेक भागांत तो दारोदार गोळा करण्याचे काम ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या सभासद करतात आणि आपण एकत्र बांधलेली पिशवी त्यांना हाताने सोडवावी लागते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे आत काय आहे ते त्यांना न उघडता कळते. निघण्याच्या दिवशी कचरा न्यायला माणूस किती वाजता येतो, हे वॉचमनला आदल्या रात्रीच विचारून ठेवावे. पाण्याचेही भान ठेवावे. दुरुस्तीच्या कामांसाठी महापालिका बहुधा गुरुवारी पाणी बंद ठेवते. बुधवारी मुक्काम असेल, तर रात्रीच एक बादली आणि पिण्याचा एक तांब्या भरून ठेवलेला बरा.

प्रश्न : गणेशोत्सवात पेठेतच फ्लॅट घेऊन एकट्याने राहावे का? मला देखावे आणि विसर्जन मिरवणूक दोन्ही पाहायचे आहे.
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : राहावे, पण स्वयंपाकाचा मनसुबा कमी ठेवावा आणि गाडी आणू नये. त्या दिवसांत संध्याकाळनंतर मध्यवर्ती रस्ते वाहनांसाठी बंद होतात आणि आपली इमारत लक्ष्मी रस्त्याला लागून असेल, तर ढोल-ताशांच्या आवाजात भिंतीही झोपत नाहीत. देखाव्यांसाठी पहिले पाच-सहा दिवस चांगले. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाचही गणपती पेठेतून पायी पाहून होतात.

मिरवणूक अनंत चतुर्दशीला सकाळी मंडईपासून निघते आणि लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे जाते. ती संपायला दुसरा दिवस उजाडतो. म्हणून खोली त्या दिवशी सोडायची नसून दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सोडायची, अशा हिशेबानेच रात्री मोजाव्यात. खोलीपासून लक्ष्मी रस्ता न ओलांडता बाहेर पडण्याची वाट कोणती, हे मालकाला आरक्षणापूर्वी विचारावे आणि ती आदल्या दिवशी एकदा चालून पाहावी. कोल्हापूरला परतण्याचे तिकीट संध्याकाळच्या गाडीचे काढावे.